आमच्या घरातले कसोटी सामने

तुमच्या घरी भांडणं कशावरून होतात हो? कुणाकडे पैशांवरून, कुणाकडे माहेरच्या माणसांवरून, तर कुणाकडे नुसत्या पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून. आमच्या घरी गेली पन्नास वर्षं एकाच गोष्टीवरून होताहेत. थोर कोण? मर्चंट की गावसकर, गावसकर की तेंडुलकर, तेंडुलकर की कोहली! गिरगावातल्या दोन खोल्या जाऊन डोंबिवलीचा ब्लॉक आला, भांडणारी माणसं बदलली, पण वाद तोच. आणि ह्या वादात माझं काम एकच. चहा करणं.

१९७४ च्या मे महिन्यात लग्न होऊन मी ह्या घरात आले आणि जूनमध्ये लॉर्ड्सवर आपला सगळा संघ ४२ धावांत गारद झाला! घरात सुतक असल्यासारखी शांतता. शेजारच्या आजींनी हळूच सासूबाईंना विचारलंसुद्धा, "सुनेचा पायगुण कसा आहे म्हणायचा?" सासूबाई चटकन म्हणाल्या, "ती काय बॅटिंगला गेली होती?" त्या दिवसापासून मला सासूबाई आवडायला लागल्या.

आमचे मामंजी, त्यांना सगळे अण्णा म्हणत, ते विजय मर्चंटचे भक्त. भक्त हा शब्द मी उगीच वापरत नाही. १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांची कथा ते सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगत. तेव्हा अण्णा सव्वीस वर्षांचे, डबा घेऊन ब्रेबॉर्न स्टेडियमवर जात. त्या मोसमात मर्चंट आणि विजय हजारे ह्यांच्यात नुसती चढाओढ लागली होती. मर्चंटचा २४३ धावांचा विक्रम हजाऱ्यांनी २४८ करून मोडला. अंतिम सामन्यात मर्चंटने नाबाद २५० काढून तो परत घेतला. आणि त्याच सामन्यात हजाऱ्यांनी ३०९ केल्या! त्या डावात त्यांच्या 'रेस्ट' संघाच्या सगळ्या मिळून धावा ३८७. म्हणजे बाकीच्या सगळ्यांनी, अवांतर धरून, काढल्या ७८. हजाऱ्यांनी आपल्या भावाबरोबर, विवेकबरोबर, ३०० धावांची भागी केली, त्यात भावाच्या २१. अण्णा ही गोष्ट सांगताना त्या २१ वर फार रेंगाळत. "दुसऱ्याला खेळू देणं ही पण एक कला असते, सूनबाई," म्हणत. सामना हिंदू संघानेच जिंकला, पण अण्णांना सांगताना हजाऱ्यांचा डाव आधी आठवायचा.

आमच्या ह्यांचं दैवत सुनील गावसकर. १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच दौऱ्यात चार कसोटींत ७७४ धावा! हे तेव्हा कॉलेजात होते. रात्री रेडिओला कान लावून बसायचे आणि सकाळी पेपर येईपर्यंत सगळी चाळ जागवायचे. त्यावर अण्णांचं ठरलेलं उत्तर, "हॉल आणि ग्रिफिथ निवृत्त झाल्यावर गेला तो. आयत्या बिळावर नागोबा!" मग ह्यांचा आवाज चढायचा. मग मी चहा टाकायची.

बरीच वर्षं मला हा सगळा पोरखेळच वाटे. पण १९८३ च्या ऑक्टोबरात वाद हाताबाहेर गेला. वेस्ट इंडिजचा संघ इथे आला होता. कानपूरच्या कसोटीत माल्कम मार्शलच्या चेंडूनं सुनीलच्या हातातली बॅटच उडाली. रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "मर्चंटच्या हातातून बॅट सुटलेली मी कधी पाहिली नाही." आणि हे, दिवसभराचे वैतागलेले, बोलून गेले, "तुमच्या मर्चंटना मार्शल कुठं होता खेळायला? क्लबातल्या बोलिंगवर धावा काढल्या सगळ्या. तुमचा जमानाच तसला होता."

अण्णांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि ते उठले. अर्धा भात तसाच.

मैत्रिणींनो, बाप-लेकांचा अबोला तुमच्यापैकी कुणी सोसला असेल तर तिला सांगायला नको. दोन खोल्यांचं घर, दिवाळी तोंडावर आलेली, आणि मधे मी. "तुझ्या नवऱ्याला सांग, विजेचं बिल आलंय." "अण्णांना विचार, औषध संपलंय का." दोघं चार हातांवर बसलेले! तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हे मर्चंटबद्दल नव्हतंच. 'तुमचा जमानाच तसला' हे शब्द लागले होते. लढाईच्या वर्षांत, रेशनच्या रांगांत, चाळीस रुपये पगारात अण्णांनी संसार उभा केला. त्या सगळ्या धडपडीत त्यांना जे एक झळझळीत दिसलं होतं ते ब्रेबॉर्नवर दिसलं होतं, आणि पोटच्या मुलानं ते क्लबातलं ठरवलं.

अबोला मिटला तो दिल्लीच्या कसोटीत. २९ ऑक्टोबर, शनिवार. मी चकल्या तळत होते आणि समोर दूरदर्शन चालू. त्याच मार्शलला आणि होल्डिंगला सुनीलनं असा काही धुतला, की ९४ चेंडूंत शतक! ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी. हे ओरडायला तोंड उघडून परत मिटत होते, कारण खोलीत अण्णा. आणि अण्णा टाळी वाजवायला हात वर करून परत मांडीवर ठेवत होते. मला काही राहवलं नाही. झारा हातात घेऊनच मी बाहेर आले नि म्हटलं, "अण्णा, १९७१ ला सुनीलला वेस्ट इंडिजला पाठवलं त्या निवड समितीचे अध्यक्ष कोण होते हो?"

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. कारण अध्यक्ष होते विजय मर्चंट.

"रत्नपारखीच होता तो," अण्णा म्हणाले, आणि ह्यांच्याकडे न बघता चकलीची बशी ह्यांच्यापुढे सरकवली. एवढंच. पण त्या रात्री दोघं एका पंगतीला बसले.

नंतर मी सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, खरा मोठा कोण?" त्यांना क्रिकेटमधलं फारसं कळत नसे. पण त्यांनी जे सांगितलं तसं त्या विषयावर मी आजवर कुठेही वाचलेलं नाही. त्या म्हणाल्या, "माझी पुरणपोळी आणि तुझी पुरणपोळी शेजारी ठेवली तर तुझी अंमळ मऊच होईल. तुझ्याकडे पुरणयंत्र आहे, गॅस आहे, मैदा चाळून मिळतो. मी पुरण पाट्यावर वाटलं. शेगडीवर तवा ठेवला. आच कमी करायची तर चिमट्यानं कोळसे काढायचे, वाढवायची तर वारा घालायचा, तोवर पोळी करपायची. माझी पोळी पारखायची तर तुझ्या पोळीशी नाही गं पारखायची. माझ्या तीन जावा होत्या. त्याच शेगडीवर, त्याच पाट्यावर त्यांनी केलेल्या पोळ्यांशी पारखायची."

ह्याला मी मनात नाव दिलं, जावेचं माप.

अण्णा १९८८ मध्ये गेले. मर्चंट त्याच्या आदल्या वर्षी. पुढे आमचे चिरंजीव तेंडुलकरवाले निघाले. १९९८ च्या एप्रिलात शारजाला सचिननं दोन दिवसांच्या अंतरानं १४३ आणि १३४ काढल्या तेव्हा आमच्या इमारतीत कुणी झोपलं नसेल. पण त्या बाप-लेकांत मोठासा तंटा झाला नाही. शिवाजी पार्कची परंपरा, मुंबईचंच पाणी, आणि सचिनला पहिले हलके पॅड सुनीलनंच दिले होते, म्हणून हे गप्प बसत. खरा स्फोट झाला तो आता नातवाच्या वेळी.

नातू आहे अठरा वर्षांचा, कोहलीवाला. मुलगा गुणी आहे, पण बोलायला फटकळ. परवा, म्हणजे गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, आबांना म्हणतो, "१९७५ च्या वर्ल्ड कपमध्ये तुमच्या गावसकरांनी साठ ओव्हर खेळून ३६ केले, १७४ बॉलमध्ये! आज असं कोणी खेळलं ना, तर आयपीएलची टीम त्याला चहा द्यायलासुद्धा ठेवणार नाही."

चहा देणाऱ्या माणसांविषयीचा हा उल्लेख मला आवडला नाही, ते जाऊ द्या. पण ह्यांच्याकडे बघितलं आणि काळजात चर्र झालं. चेहरा हुबेहूब अण्णांसारखा. काही बोलले नाहीत, टी.व्ही. बंद केला आणि आत जाऊन पडले. "जेवायला या" म्हटलं तर "भूक नाही." अर्ध्या भाताची ती थाळी मला चाळीस वर्षांनी पुन्हा दिसली.

त्या दिवशी मी ठरवलं, आता आपणच एकदा हिशेब मांडायचा. दूधवाल्याच्या वहीची मागची पानं कोरी होती. नातीला मोबाईलवरून आकडे काढून द्यायला सांगितले (ती चौदा वर्षांची आहे, आणि ह्या घरात मला 'का?' न विचारता मदत करणारी एकटी), आणि जावेचं माप लावत गेले.

पहिला ब्रॅडमन, कारण त्याच्याशिवाय ह्या वादाला तोंडच फुटत नाही. ५२ कसोटी, सरासरी ९९.९४. आता 'तेव्हा गोलंदाजी सोपी होती' म्हणायचं तर त्याच काळात, तशाच खेळपट्ट्यांवर खेळलेले दिग्गज बघा. वेस्ट इंडिजचा हेडली, इंग्लंडचा सटक्लिफ. दोघांची सरासरी साठच्या घरात. म्हणजे उत्तमातल्या उत्तम जावांनी दहा पोळ्या लाटल्या तेव्हा ह्यानं सोळा लाटल्या, आणि एकही फुटली नाही! सोप्या काळाची सबब इथे लंगडी पडते. काळ सोपा असता तर सगळ्यांनाच सोपा झाला असता ना?

मग मर्चंट. कसोटी फक्त दहा, सरासरी ४७.७२. नातू म्हणेल, "हॅ, एवढीच?" पण प्रथम श्रेणीच्या सगळ्या सामन्यांत ७१.६४, आणि जगात त्यांच्या वर ब्रॅडमन. रणजी करंडकात ९८.७५. आणि दहाच कसोटी का? तर १९३६ च्या ऑगस्टनंतर १९४६ च्या जूनपर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही, त्यात महायुद्धाची वर्षं गेली. मर्चंटचं वय तेव्हा चोवीस ते चौतीस. बाईच्या आयुष्यातली ही वर्षं काढून घेतली तर मागे काय उरतं, ते आपण बायकांनाच विचारा. १९५१ मध्ये, चाळिशीत, दिल्लीला ते शेवटची कसोटी खेळले आणि १५४ धावा काढून गेले. त्याच सामन्यात खांदा दुखावला आणि खेळ संपला.

हजाऱ्यांचं मला विशेष कौतुक वाटतं. जन्म सांगलीचा, स्वभाव अगदी अबोल. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला, ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध, लिंडवॉल आणि मिलर अंगावर चेंडू टाकत असताना दोन्ही डावांत शतक. ११६ आणि १४५. असं करणारा पहिला भारतीय. आपण तो सामना डावानं हरलो. हरलेल्या सामन्यातल्या धावांना घरात किंमत नसते, म्हणून हे नाव मागे पडलं असावं. (ह्यांना हे पटत नाही. ह्यांचं म्हणणं, हजारे मागे पडले कारण त्यांनी स्वतःबद्दल कधी चार शब्द बोलले नाहीत.)

शेगडी आणि गॅस म्हणजे क्रिकेटात काय काय, त्याचंही पान केलं. पूर्वी सामना चालू असताना पावसात खेळपट्टी उघडी राहायची. भिजून वर ऊन पडलं की चेंडू कसाही उसळायचा आणि काल शतक काढणारा आज शून्यावर. आता आच्छादन असतं. बॅटी आता जाड, सीमारेषेचा दोर आत ओढलेला. आणि हेल्मेट! ते १९७७-७८ नंतर रुळलं. १९६२ साली बार्बाडोसला आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांना ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला. कवटीवर शस्त्रक्रिया झाली, रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल स्वतः पुढे आला. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. आमच्या ह्यांचा सुनील त्यानंतर नऊ वर्षांनी त्याच देशात गेला, उघड्या डोक्यानं. हेल्मेट त्यानं कधीच घातलं नाही, शेवटी शेवटी टोपीखाली कवटीपुरतं काहीतरी घालायचा तेवढंच. वेस्ट इंडिजविरुद्ध शतकं किती? तेरा. जावेचं माप लावा आणि सांगा, त्या गोलंदाजांपुढे आणखी कुणी तेरा केली? आणि ३६ धावांचा तो डाव? तो लाजिरवाणाच होता, त्याला मी पदराआड लपवणार नाही. उत्तमातल्या उत्तम सुगरणीचासुद्धा एखाद्या दिवशी पाक बिघडतो. पण नातवाला मी एवढंच विचारलं, "तुला स्ट्राइक रेट हवा ना? दिल्ली, १९८३, ९४ चेंडूंत शतक. समोर मार्शल. तोच माणूस, बरं का!"

नातवावर अन्याय नको, म्हणून उलट बाजूही लिहिली. आजच्या पोरांची शेगडी गेली, पण स्वयंपाक तिप्पट झाला. आज कसोटी, परवा पन्नास षटकं, तेरवा वीस, तीन देशांत तीन तऱ्हेच्या खेळपट्ट्या. प्रत्येक फलंदाजाची खोड चित्रफितीत पकडून समोरच्या गोलंदाजाला दाखवलेली. मर्चंटचा कच्चा दुवा पुढच्या गोलंदाजाला ऐकीव असायचा, कोहलीचा सगळ्या जगाला पाठ. सचिननं हे सगळं चोवीस वर्षं केलं, १९८९ ते २०१३. दोनशे कसोटी. माझं मत विचाराल तर सचिनचा खरा विक्रम शतकांचा नाही, तर ह्या चोवीस वर्षांचा. शतकांचा एक विक्रम कोहलीनं मोडलाच, २०२३ च्या नोव्हेंबरात, वानखेडेवर, सचिनच्या डोळ्यांदेखत. एकदिवसीयातलं पन्नासावं शतक ठोकून त्यानं सचिनला वाकून नमस्कार केला, तेव्हा आमच्या घरात तिन्ही पिढ्या गप्प होत्या.

इथवर हिशेब बरा जमला. पण पुढं एका जागी वही अडली. जावेचं माप लावायला हातात शेगडी तरी यायला हवी ना! जिला स्वयंपाकघरातच घेतलं नाही तिचं काय?

आपल्या मुंबईचे पद्माकर शिवलकर घ्या. डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी. कसोटी एकही नाही. का, तर त्याच वर्षांत त्याच तऱ्हेची गोलंदाजी करणारा बिशनसिंग बेदी भारताकडे होता. दहा वर्षं आधी किंवा नंतर जन्मले असते तर? अमोल मुझुमदारचंही तेच. १९८८ साली आझाद मैदानावर शाळेच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी ह्यांची ६६४ धावांची भागी झाली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून अमोल पॅड बांधून बसला होता. बसूनच राहिला. पुढे मुंबईकडून रणजी पदार्पणात २६०, कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा, पण भारताच्या मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. जागाच रिकामी झाली नाही.

हे लिहिताना नात माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "आजी, ह्या यादीत एकही मुलगी नाही."

मैत्रिणींनो, खरं सांगते, मी खजील झाले. कारण मी स्वतः विसरावं असं काही नव्हतं. १९७३ सालच्या एप्रिलात पुण्यात बायकांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. संघ तीनच. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होते. वाड्यात भावांबरोबर खेळायची, आणि सांगायला हरकत नाही, मला लवकर बाद करणं त्यांना जमत नसे. एका मैत्रिणीनं सरावाला चल म्हणून फार आग्रह केला. वडिलांना विचारलं. ते रागावले नाहीत, हसले. "उन्हात रापशील. वर्षभरात स्थळं बघायची आहेत." मी सामना कडेला उभी राहून पाहिला, डोक्यावर पदर घेऊन. ऊन लागू नये म्हणून. मी खेळले असते तर फार मोठी झाले असते असं मुळीच नाही. पण कशी खेळले असते हे मलाही ठाऊक नाही, आणि ते कुठल्याच मापानं कळायचं नाही.

मग नातीनं आणि मी ते पानही लिहिलं. शांता रंगस्वामी, १९७७ मध्ये न्यूझीलंडला ड्युनेडिन इथे भारतीय बाईचं पहिलं कसोटी शतक. इंदूरची संध्या अगरवाल, १९८६ साली वूस्टरला १९०, त्या वेळी बायकांच्या कसोटीतली जगातली सर्वांत मोठी खेळी. सरासरी पन्नासच्या वर. कसोटी मिळाल्या तेरा. मुंबईच्या डायना एडल्जी १९७६ ते १९९१ एवढी वर्षं खेळल्या. कसोटी वीस, बळी ६३. कपिलदेव साधारण तेवढीच वर्षं खेळला, १९७८ ते १९९४. कसोटी १३१. मिताली राजनं २००२ मध्ये टाँटनला २१४ धावा काढल्या, आणि २००६ ते २०१४ अशी आठ वर्षं तिच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. मर्चंटची दहा वर्षं महायुद्धानं नेली म्हणून मघाशी आपण हळहळलो. मितालीच्या वेळी कुठलं युद्ध होतं?

वही नातवाला वाचायला दिली. त्यानं पानं उलटली, बराच वेळ एडल्जींच्या पानावर थांबला, मग म्हणाला, "पण आजी, बायकांच्या मॅचला तो स्पीड नसतो." नातीनं मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. सप्टेंबर २०२५, दिल्ली, समोर ऑस्ट्रेलिया, सांगलीत वाढलेली स्मृती मानधना. ५० चेंडूंत शतक. कोहलीचं सर्वांत जलद एकदिवसीय शतक ५२ चेंडूंतलं! नातू काही बोलला नाही. जेवण झाल्यावर तो आबांच्या खोलीत गेला आणि विचारलं, "आबा, ते दिल्लीचं कसं झालं होतं? पहिल्यापासून सांगा." दिवा साडेबाराला मालवला गेला.

आणि मग आली २ नोव्हेंबरची रात्र. नव्या मुंबईत विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर दक्षिण आफ्रिका. पावसानं खेळ उशिरा सुरू झालेला. त्याआधी तीनच दिवस जेमिमा रॉड्रिग्जनं त्याच मैदानावर नाबाद १२७ काढून ऑस्ट्रेलियाला नमवलं होतं, तेव्हापासून माझं कामात लक्ष नव्हतं. आमच्या हॉलमध्ये सगळे जमलेले. कॅमेरा मधूनमधून आपल्या संघाच्या प्रशिक्षकावर जायचा. प्रशिक्षक कोण? अमोल मुझुमदार. पॅड बांधून बसून राहिलेला तो मुलगा, आता दाढीत पांढरे केस, परत बाहेर बसलेला. दर वेळी तो दिसला की नातू मला कोपर मारी, "आजी, तुझ्या वहीतला!"

मध्यरात्र जवळ आली. दीप्ती शर्मा गोलंदाजीला आली होती. हे सवयीनं म्हणाले, "जरा चहा होईल का?" मी जागची हलले नाही. पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, "आज नाही हं." कुणी काही बोललं नाही. मग ह्यांनीच उठून चपला शोधल्या, स्वयंपाकघरात गेले, भांड्यांचा आवाज झाला. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली आहेत आमच्या.

"अगं," आतून हाक आली, "साखरेचा डबा कुठं असतो?"

"ओव्हर संपू दे," मी म्हटलं, "मग सांगते."